आकड्याचा कॉन्टॅक्ट

लॅडरमधल्या साध्या कॉन्टॅक्टवर कारखान्यात फारसा वाद होत नाही. लिमिट स्विच दाबला गेला की कॉन्टॅक्ट लागतो, सुटला की सुटतो. तार कुठून कुठे गेली आहे ते बोटाने दाखवता येते. वाद पेटतो तो तुलनेच्या इन्स्ट्रक्शनवर. ‘पातळी ८० पेक्षा जास्त’, ‘मोजणी २५०० इतकी’, ‘तापमान या दोन मर्यादांच्या आत’ असे सांगणाऱ्या पेट्या आज कोणत्याही पीएलसीच्या प्रोग्रॅममध्ये पानोपानी दिसतात. ओळीत त्या कॉन्टॅक्टसारख्याच बसतात आणि खऱ्या ठरल्या की कॉन्टॅक्टसारखाच पुढचा मार्ग मोकळा करतात. पण त्यांच्यामागे धातूची पट्टी नसते, आकडा असतो. पीएलसीच्या कामातली मोठी काळजी या फरकापाशी घ्यायला हवी असे मला वाटते, आणि शिकवताना नेमका हाच भाग घाईने उरकला जातो.

पीएलसी जन्माला आला तो रिलेची जागा घेण्यासाठी. १९६८ साली जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेच्या पॅनेलऐवजी चालेल असे यंत्र हवे होते. डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मॉडिकॉन ०८४ त्यातून पुढे आला. पॅनेल सांभाळणाऱ्या इलेक्ट्रिशियनला वाचता यावी म्हणून रिलेच्या आकृतीसारखीच शिडी वापरात आली. रिलेच्या आकृतीत तुलनेच्या पेटीला जागा नव्हती. ती पेटी शिडीवर बाहेरून येऊन बसली आणि आज आयईसी ६११३१-३ या मानकात, ज्याची पहिली आवृत्ती १९९३ ची, तिचे सहा प्रकार आहेत: मोठा, मोठा किंवा समान, समान, लहान किंवा समान, लहान, असमान. शिडी इलेक्ट्रिशियनची, पेटी हिशेबनिसाची. त्यामुळे त्या दोघांत खटके उडणारच.

भोसरी, चाकण, वाळूज, सातपूरच्या शेड्समध्ये हा खटका मी अनेक रूपांत ऐकला आहे. इथे तो दोन माणसांच्या तोंडी दिला आहे. काका देखभाल विभागातले, रिलेच्या काळापासून पॅनेल सांभाळत आलेले. मॅडम पॅनेल बनवणाऱ्या फर्मच्या इंजिनिअर, प्रोग्रॅम त्यांचा. पाण्याची एक टाकी, तिचा पंप आणि शेजारी पत्रा कापणारी एक लाइन, एवढ्यावर त्यांचे बोलणे चालले आहे.

काका : मॅडम, पंपाच्या कामाला तुम्ही तीन तुलना घातल्यात. तिथे पूर्वी दोन फ्लोट स्विच होते. खालचा लागला की पंप चालू, वरचा लागला की बंद. बिघाड झाला तर टेस्ट लॅम्प घेऊन जायचं, सापडायचा. आता टाकीवर ट्रान्समीटर, तिथून चार ते वीस मिलिअँपिअर, मग ॲनालॉग कार्ड, मग स्केलिंग, आणि शेवटी तुमची ‘ग्रेटर दॅन’. रात्री पंप उभा राहिला तर यातलं मी काय तपासू?

मॅडम : पेटीच तपासा, काका. ऑनलाइन गेलात की तिच्यात दोन्ही आकडे दिसतात. पातळी ६४.२, सेटपॉइंट ८०. फ्लोट एवढंच सांगायचा, की पाणी माझ्यापर्यंत आलंय किंवा नाही आलं. पाणी कुठे आहे, किती वेगानं चढतंय, हे तो सांगू शकत नव्हता. उद्या तुम्हाला पंप ३० ऐवजी ४० टक्क्यांना सुरू करायचा असेल तर टाकीवर चढून फ्लोट सरकवावा लागायचा.

काका : आणि रात्रपाळीला लॅपटॉप कोणाकडे असतो?

मॅडम : नसतो, मान्य. म्हणून ते दोन्ही आकडे एचएमआयवर शेजारी शेजारी दिलेत. ज्या आकड्यांची तुलना होते ते दोन्ही आकडे चालवणाऱ्या माणसाला दिसले पाहिजेत, हा माझा नियम आहे. नुसता ‘पंप बंद’ असा लाल दिवा देऊन मी मोकळी होत नाही.

काका : ठीक. मग दुसरं सांगा. पलीकडच्या टाकीचा प्रोग्रॅम दुसऱ्या कोणी लिहिला होता. त्यात एकच ओळ होती, ‘पातळी ८० पेक्षा कमी असेल तर पंप चालू’. टाकी भरत आली की कॉन्टॅक्टर टकटक करायला लागायचा. शेवटी त्याचे कॉन्टॅक्ट जळून चिकटले. दोन फ्लोटच्या जोडीनं असं कधी केलं नाही.

मॅडम : केलं नाही, कारण दोन फ्लोटच्या मधलं पाणी हेच अंतर होतं. तुलनेत ते अंतर आपण होऊन येत नाही, लिहिणाऱ्याला घालावं लागतं. ॲनालॉग कार्डाचा आकडा कधीच स्थिर नसतो. सीमेन्सच्या कार्डात पूर्ण मोजमाप म्हणजे २७६४८, त्यातला एक आकडा म्हणजे टक्क्याचा साधारण २७६ वा भाग. पाण्यावर तरंग उठला किंवा शेजारच्या ड्राइव्हचा त्रास तारेत शिरला की शेवटचे आकडे हलतात. ७९.९८, ८०.०१, ७९.९९. स्कॅन दहा मिलिसेकंदांचा धरला तर सेकंदाला शंभर वेळा तुलना होते आणि प्रत्येक वेळी पेटी खरं तेच सांगते. पंपाला मात्र ते खरं झेपत नाही.

काका : मग उपाय?

मॅडम : दोन तुलना. पातळी ३० किंवा त्याखाली गेली की पंपाची कॉइल लागते आणि स्वतःच्याच कॉन्टॅक्टनं धरून राहते. ८० किंवा त्यावर गेली की ते धरणं तुटतं. मधल्या पन्नास टक्क्यांत तरंगांनी काय करायचं ते करू दे. अलार्मचंही तसंच. ९० ला लागला तर ८८ च्या खाली गेल्यावरच सुटेल.

काका : म्हणजे तुम्ही प्रोग्रॅममध्ये परत दोन फ्लोटच बसवलेत.

मॅडम : हो, बसवले. आणि होल्डिंगची ओळ तुमच्याच रिलेच्या पॅनेलमधून उचलली. चांगली गोष्ट टाकून कशाला द्यायची?

इथे दोघांचे एकमत झाले, आणि माझेही त्यांच्याशी आहे. हलत्या आकड्याची एकटी तुलना थेट मोटरच्या कॉइलपर्यंत जाता कामा नये. लागण्याची रेषा आणि सुटण्याची रेषा वेगळी हवी, आणि दोहोंमधले अंतर त्या यंत्राला शोभेल एवढे हवे. तापणाऱ्या भट्टीला दोन अंश पुरतील, लाटा मारणाऱ्या टाकीला कदाचित पाच टक्केही पुरणार नाहीत. ते पुस्तकातून ठरत नाही, टाकीपाशी उभे राहून ठरते.

पुढचा मुद्दा अधिक तिखट आहे.

काका : ‘इक्वल’बद्दल तुमचं काय मत आहे? मी तर आमच्या पोरांना सांगतो, ती पेटी दिसली की काढून ‘ग्रेटर दॅन ऑर इक्वल’ टाका.

मॅडम : सरसकट नका सांगू. कुठे टाकायची आणि कुठे ठेवायची ते सांगा. पत्र्याच्या लाइनवरचं उदाहरण घ्या. रोलरचा घेर ५०० मिलिमीटर, त्यावर एका फेरीला १००० पल्स देणारा एन्कोडर. म्हणजे एक पल्स अर्ध्या मिलिमीटरचा. १२५० मिलिमीटरला कापायचं, म्हणजे २५०० पल्स. लाइन मिनिटाला ६० मीटर धावते, म्हणजे सेकंदाला २००० पल्स. हे पल्स हाय-स्पीड काउंटर मोजतो, ते चुकत नाहीत. पण प्रोग्रॅम त्या काउंटरकडे बघतो स्कॅनमध्ये एकदाच.

काका : दहा मिलिसेकंदांत एकदा. तेवढ्यात वीस पल्स निघून जातात.

मॅडम : बरोबर. एका स्कॅनला काउंटर २४९३ दिसतो, पुढच्याला २५१३. बरोब्बर २५०० प्रोग्रॅमनं कधी पाहिलेच नाहीत. वीस वेळांत एखाद्या वेळी ‘इक्वल’ला ते सापडतील, बाकी वेळी पत्रा न कापता पुढे जाईल.

काका : तेच मी म्हणतो! ‘ग्रेटर दॅन ऑर इक्वल’ टाकलं की काम झालं.

मॅडम : अर्धं झालं. कात्री नक्की चालेल, पण २५०० ला चालेल की २५१९ ला, हे स्कॅनच्या हातात. वीस पल्स म्हणजे दहा मिलिमीटर. ग्राहकानं एक मिलिमीटरची सूट दिली असेल तर सगळा माल परत. म्हणून ही तुलना स्कॅनमध्ये करायचीच नाही. काउंटरच्या हार्डवेअरला २५०० हा आकडा आधीच देऊन ठेवायचा. मोजणी तिथे पोचली की तो स्वतः इंटरप्ट देतो. मित्सुबिशीच्या एफएक्समध्ये त्याला एचएससीएस आहे, सीमेन्सच्या १२०० मध्ये संदर्भ आकडा गाठल्याचा इंटरप्ट आहे. तिथे ‘समान’ चालतं, कारण तिथे एकेक पल्स पाहिला जातो.

काका : आणि ज्यांच्याकडे ती सोय नाही?

मॅडम : त्यांनी लाइनचा वेग कमी करायचा, आणि कापल्यावर मोजणी शून्य करायची नाही, तिच्यातून २५०० वजा करायचे. शून्य केली तर जास्तीचे तेरा पल्स हरवतात आणि पुढचा तुकडाही असाच लांब होऊ शकतो. वजा केले तर ते तेरा पुढच्या तुकड्यात मोजले जातात. एखादा तुकडा मागे-पुढे होईल, पण चूक साठत जाणार नाही.

हा हिशेब मी मुद्दाम सविस्तर दिला आहे. ‘इक्वल चालत नाही’ असे अनेक जण ऐकून ऐकून सांगतात, पण का चालत नाही हे वेग, पल्स आणि स्कॅन यांचा गुणाकार केल्याशिवाय कळत नाही. गुणाकार केला की ‘ग्रेटर दॅन’ही पुरेसे नाही हे त्याच ओळीत दिसते.

काका : बरं, मग तुमच्या सिक्वेन्समध्ये प्रत्येक ओळीला ‘स्टेप इक्वल १०’, ‘स्टेप इक्वल २०’ का आहे? तिथे आकडा उडी मारत नाही?

मॅडम : मारतो, पण मी सांगेन तशीच. स्टेपचा आकडा पूर्णांक आहे आणि तो फक्त प्रोग्रॅमच बदलतो. तिथे ‘इक्वल’च हवं. ‘ग्रेटर दॅन’ टाकलं तर तिसाव्या स्टेपला विसाव्याचा व्हॉल्व्हही उघडा राहील. एक काळजी मात्र घ्यावी लागते. स्कॅनच्या मधल्या ओळीवर मी २० चे ३० केले, तर वरच्या ओळींनी २० पाहिलेले असतात आणि खालच्या ओळी ३० पाहतात. म्हणून पुढची स्टेप मी वेगळ्या जागी ठरवते आणि ती मुख्य आकड्यात टाकण्याचं काम स्कॅनमध्ये एकाच जागी, सगळ्यांच्या शेवटी करते.

काका : आमच्या हाताखाली शिकणाऱ्याला हे दिसत नाही. त्याला वाटतं सगळ्या ओळी एकदमच चालतात.

मॅडम : कारण रिलेच्या पॅनेलमध्ये त्या खरंच एकदम चालायच्या. शिडी तशीच दिसते, पण इथे वरून खाली एकेक ओळ वाचली जाते. आणि दशांशाच्या आकड्याशी ‘इक्वल’ तर मी कधीच लावत नाही. ०.१ हा साधा आकडासुद्धा ३२ बिटांच्या रिअलमध्ये नेमका बसत नाही. दहा वेळा ०.१ मिळवून ते १ च्या समान आहेत का असं विचारलं तर उत्तर काय येईल याची हमी नाही.

काका : हे झालं बारीक आकड्यांचं. मोठ्या आकड्यांना काय होतंय?

मॅडम : मोठ्यांना जास्तच होतं. पाण्याच्या मीटरचा दर लिटरला एक पल्स येतो आणि तो कोणी रिअलमध्ये एकेक करून मिळवत बसला. १,६७,७७,२१६ लिटरला ती बेरीज थांबते. ३२ बिटांच्या रिअलला तिथून पुढे एकेकटा एक दिसतच नाही. एक मिळवला तरी आकडा तोच राहतो. आणि पुढे ओळ लिहिली असेल, ‘एकूण दोन कोटी लिटर झाले की फिल्टर धुवा’. ती तुलना कधीच खरी होणार नाही. फिल्टर तुंबेल आणि प्रोग्रॅममध्ये कुठे काही लाल दिसणार नाही.

काका : मग काय वापरायचं?

मॅडम : मोजणी ३२ बिटांच्या पूर्णांकात. दोनशे कोटींच्या वर जातो तो. सोळा बिटांचाही नको, तो ३२७६७ ला संपतो. दुसऱ्या यंत्राकडून ४०००० आले आणि तुम्ही ते सोळा बिटांच्या चिन्ह असलेल्या जागेत घेतले, तर ते उणे २५५३६ दिसतात. मग ‘३०००० पेक्षा जास्त’ खोटं ठरतं.

मर्यादांच्या पेटीवर दोघे फार वेळ थांबले नाहीत, पण तिथला एक बारकावा कामाचा आहे. ॲलन-ब्रॅडलीच्या लिम या पेटीला खालची मर्यादा, तपासायचा आकडा आणि वरची मर्यादा अशा तीन गोष्टी लागतात. खालची मर्यादा वरचीपेक्षा लहान असेल तर आकडा दोहोंच्या आत असताना ती खरी असते. मर्यादा उलट्या झाल्या की तिचा अर्थही उलटतो आणि आकडा बाहेर असताना ती खरी होते. मॅडम याचा चांगला उपयोग करतात. तिसरी पाळी रात्री ११ ते सकाळी ७, म्हणून तासाच्या आकड्याला खाली २३ आणि वर ६ दिले की मध्यरात्र ओलांडूनही एकाच पेटीत काम होते (७ दिले तर सकाळचे आठ वाजेपर्यंत रात्रपाळीच चालू राहील).

काका : आणि ऑपरेटरनं एचएमआयवर घाईत वजनाच्या मर्यादा उलट्या टाकल्या तर?

मॅडम : तर चांगला माल बाहेर फेकला जाईल आणि वाईट पुढे जाईल.

काका : सीमेन्सच्या इन रेंजमध्येही असंच होतं?

मॅडम : नाही. तिथे आकडा खालचीपेक्षा मोठा किंवा समान, आणि वरचीपेक्षा लहान किंवा समान, असं सरळ तपासलं जातं. मर्यादा उलटल्या तर ती कधीच खरी होत नाही. म्हणून एका कंपनीच्या पीएलसीवरचा प्रोग्रॅम दुसरीवर नेताना नुसतं पेटीला पेटी लावून चालत नाही. मित्सुबिशीची सीएमपी घ्या. ती मोठा, समान, लहान अशा तीन बिटांत उत्तर देते आणि तिच्यामागची अट सुटली तरी ते तीन बिट होते तसेच राहतात. कॉन्टॅक्टसारखी तुलना समजून कोणी ती वापरली तर जुनं उत्तर ताजं म्हणून वाचलं जातं. आणि मर्यादांचं म्हणाल तर खालची वरचीपेक्षा मोठी असेल तर आकडा स्वीकारायचाच नाही, ही तुलना मी सगळ्यात आधी लिहिते.

यानंतर काकांनी जे विचारले त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

काका : मॅडम, आता माझं खरं दुखणं. आमच्या वेळी ट्रिपचा कॉन्टॅक्ट एनसी असायचा. तार तुटली, स्क्रू सैल झाला, काही झालं तरी सर्किट तुटायचं आणि यंत्र थांबायचं. तुमच्या प्रोग्रॅममध्ये लिहिलंय, ‘पातळी ९० पेक्षा जास्त असेल तर इनलेट बंद करा’. ट्रान्समीटरची तार उंदरानं कुरतडली तर?

मॅडम : तर प्रवाह शून्य. ४ म्हणजे शून्य टक्के आणि २० म्हणजे शंभर, त्या हिशेबानं शून्य मिलिअँपिअर म्हणजे उणे २५ टक्के.

काका : उणे २५ हे ९० पेक्षा जास्त नाहीत. इनलेट उघडा. आणि ३० पेक्षा कमी आहेत, म्हणून पंपही चालू. टाकी भरून वाहते आहे आणि तुमचा प्रोग्रॅम म्हणतोय टाकी रिकामी आहे, आणखी पाणी सोडा!

मॅडम : हे बरोबर पकडलंत. काही कार्डांत तार तुटल्याची तपासणी चालू केली तर आकडा ३२७६७ वर जातो आणि पंप आपोआप थांबतो. पण ती चालू केली आहे का, कार्ड कोणतं आहे, यावर टाकी सोडता येत नाही. म्हणून तुलना उलटी लिहायची. ‘पातळी ९० पेक्षा कमी आहे आणि सिग्नल निरोगी आहे, तरच इनलेट उघडायला परवानगी’. पंपालाही हीच अट. नुसतं ‘९० पेक्षा कमी’ पुरत नाही, कारण उणे २५ तिथेही बसतात. सिग्नल निरोगी आहे का, याची वेगळी तुलना हवी. नामूरच्या एनई ४३ या शिफारशीप्रमाणे मोजमापाचा प्रवाह ३.८ ते २०.५ मिलिअँपिअरमध्ये राहतो; ३.६ किंवा त्याखाली, नाहीतर २१ किंवा त्यावर गेला तर तो बिघाड समजायचा.

काका : हे झालं एनसी कॉन्टॅक्टसारखं. परवानगी मिळाली तरच चालायचं.

मॅडम : तसंच. आणखी एक फायदा आहे. हिशेबात काही बिघडून रिअलच्या जागी आकडाच उरला नाही, तर ‘जास्त’ आणि ‘कमी’ दोन्ही तुलना खोट्या ठरतात. ‘जास्त असेल तर थांबव’ लिहिलं असेल तर यंत्र थांबणार नाही. ‘कमी असेल तर चालव’ लिहिलं असेल तर थांबेल.

काका : तरीही माझं समाधान नाही. तार शाबूत आहे, प्रवाह १४.४ मिलिअँपिअर आहे, सगळं निरोगी आहे, आणि तो १४.४ वरच अडकून बसला तर? आकडा मेला आहे हे तुमच्या पेटीला कसं कळणार? मी म्हणतो म्हणून सांगत नाही, वरच्या टोकाला एक वेगळा फ्लोट पाहिजे. पीएलसीला न विचारता तो थेट कॉन्टॅक्टरचं सर्किट तोडेल.

मॅडम : तुम्ही म्हणता ते घडलेलं आहे. इंग्लंडमध्ये, हेमेल हेम्पस्टेडजवळच्या बन्सफिल्ड तेल डेपोत.

१० डिसेंबर २००५ च्या संध्याकाळी तिथल्या टाकी क्रमांक ९१२ मध्ये पाइपलाइनने पेट्रोल भरायला सुरुवात झाली. पहाटे तीनच्या सुमाराला टाकीच्या मापकाचा आकडा एका जागी थांबला. पेट्रोल येतच होते. आपल्याकडे राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेला ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी ठरलेली आहे, तशाच त्या टाकीलाही एकावर एक इशाऱ्याच्या पातळ्या होत्या. पण त्या सगळ्या त्या एका मापकाच्या आकड्याशी ताडून पाहिल्या जात होत्या. आकडा थांबलेला, म्हणून तुलना खोटी, म्हणून एकही इशारा वाजला नाही. वर काकांना हवा आहे तसा एक स्वतंत्र हाय-लेव्हल स्विचही होता; तोही निकामी होता. त्याची तपासणीची दांडी कामाच्या स्थितीत धरून ठेवायला लागणारे कुलूप लावलेले नव्हते. साडेपाचनंतर टाकी वाहू लागली, अडीच लाख लिटरहून अधिक पेट्रोल बाहेर पडले आणि ११ तारखेच्या रविवारी सकाळी ६ वाजून १ मिनिटाने स्फोट झाला. ४३ जण जखमी झाले. दिवस रविवारचा होता, म्हणून कोणी दगावले नाही.

ती यंत्रणा लॅडरमधली नव्हती, पण तुलना तीच होती, जी आपण रोज टाकतो. दोन आकड्यांची तुलना तिथे अखेरपर्यंत बिनचूक चालू होती.

काका : म्हणजे माझा फ्लोटसुद्धा तिथे उपयोगाला आला नाही.

मॅडम : आणि माझा आकडाही नाही.

काका : तुमच्याकडे यावर ओळ आहे?

मॅडम : एक आहे. पाणी येतंय हे मला पंपाच्या फीडबॅकवरून किंवा फ्लोमीटरवरून कळतं. पंप चालू असताना दर दहा मिनिटांनी आत्ताची पातळी आणि आधीची पातळी यांच्यातला फरक काढायचा. दहा मिनिटांत तीन टक्के तरी चढायला हवी असा टाकीचा हिशेब असेल, आणि फरक अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी असेल, तर मापक अडकलंय किंवा टाकी गळतेय. दोन्हीत पंप थांबवायचा आणि माणसाला बोलवायचं. ही पण तुलनाच आहे, फक्त पातळीची नाही, बदलाची.

काका : ही ओळ मला आवडली. पण फ्लोट मी काढू देणार नाही.

मॅडम : मी काढा म्हटलंच नाही. त्याचा एक कॉन्टॅक्ट पीएलसीलाही द्या, एवढंच मागते. फ्लोट लागला आणि ट्रान्समीटर ७० टक्के दाखवतोय, तर दोघांतलं एक खोटं बोलतंय हे मला त्याच क्षणी कळेल.

काका : आणि ही सगळी तुलना तुम्ही एकाच लांबलचक सूत्रात कोंबणार नाही ना? ॲलन-ब्रॅडलीच्या सीएमपीच्या पेटीत अख्खं समीकरण लिहिलेलं मी पाहिलंय. खोटं ठरलं की त्यातलं कोणतं पद खोटं ते ऑनलाइनसुद्धा कळत नाही.

मॅडम : पंधरा रेसिपींचे सेटपॉइंट पाहायचे असतील तर मी स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्येच लिहीन, तिथे लॅडरचा हट्ट नको. पण यंत्र थांबवणारी प्रत्येक अट एकेका पेटीत, एकेका नावाच्या बिटावर. ‘सिग्नल निरोगी’, ‘पातळी परवानगीत’, ‘मापक हलतंय’. रात्री तुम्हाला तीनच दिवे पाहायचे आहेत.

लांब सूत्राबद्दल दोघांचे पूर्ण पटले नाही, आणि पटायलाच हवे असे नाही. मॅडमना प्रोग्रॅम आटोपशीर हवा आहे, काकांना तो रात्री तीन वाजता वाचता यायला हवा आहे. थांबवणाऱ्या अटींपुरता मी निःशंकपणे काकांच्या बाजूचा आहे. हिशेबाच्या भागात मॅडमना मोकळीक असावी. आणि शेवटच्या मर्यादेवर स्वतंत्र स्विच हवा, यात मला काडीची शंका नाही. बन्सफिल्डला तो होता आणि चालला नाही, याचा अर्थ तो नको असा होत नाही, तो ठरलेल्या मुदतीत हाताने चालवून पाहायला हवा असा होतो.

हा लेख वाचणाऱ्यांत पॅनेलच्या धंद्यातले, आयटीआयत आणि तंत्रनिकेतनात पीएलसी शिकवणारे, नुकतेच कमिशनिंगला जाऊ लागलेले असे कोणी असतील. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. यंत्र मालकाच्या ताब्यात देण्याआधी, ज्या ज्या तुलनेवर यंत्र थांबणार आहे तिच्या ट्रान्समीटरची तार सोडवून बघा. मग तार लावून सिम्युलेटरने प्रवाह मधल्याच एका आकड्यावर गोठवून बघा. मर्यादा उलट्या टाकून बघा, फ्लोट हाताने उचलून बघा. प्रत्येक वेळी पंपाने आणि व्हॉल्व्हने काय केले ते पॅनेलच्या दारामागच्या ड्रॉइंगवर तारखेसह लिहून ठेवा, म्हणजे रात्रपाळीच्या माणसाला ते वाचता येईल.